हेडफोन अँपसाठी स्वस्तातला लिनियर पॉवर सप्लाय: १५०० रुपयांत काय बसेल?

बार्शीचा_बोका

नमस्कार मंडळी. व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांचा भोकाभोकांचा बोर्ड) एक हेडफोन अँप ठोकलाय. एनई५५३२ ऑपअँप चिप, पुढे बीडी१३९ आणि बीडी१४० ट्रान्झिस्टरची जोडी, गेन (सिग्नल वाढवणं) तीनपट. सध्या दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतो आणि आवाज एकदम स्वच्छ आहे. पण बॅटऱ्या तीन-चार संध्याकाळींत माना टाकतात. बायकोने महिन्याचा हिशोब काढून दाखवला, त्यामुळे आता भिंतीवरच्या विजेवर यायचंय.

हेडफोन दोन: माझा २५० ओहमचा डीटी ९९०, आणि धाकट्या भावाचा ३२ ओहमचा.

तयार लिनियर सप्लाय ऑनलाइन बघितले तर सहा-सात हजारांच्या खाली बोलत नाहीत. ३१७/३३७ रेग्युलेटरची (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपची) चिनी पाटी साडेतीनशेला मिळते, ट्रान्सफॉर्मर वेगळा. तिसरा मार्ग म्हणजे ७८१२/७९१२ (ठरलेले +१२ आणि −१२ व्होल्ट देणारे रेग्युलेटर) घेऊन सगळं घरीच. जुन्या टेपडेकमधला १२-०-१२ (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट), १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पडून आहे, तो चालेल का? बजेट १५००, त्यात डबाही आला.

आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० ला येतं, हेही सांगून ठेवतो.

ओहमशांती

धागा आवडला. आधी करंट मोजा, मग बाजारात जा. लोक उलटं करतात.

डीटी ९९० ला १ मिलिवॉटला ९६ डेसिबल. २५० ओहमवर १ मिलिवॉट म्हणजे अर्धा व्होल्ट, म्हणजे फक्त २ मिलिअँपिअर. एवढ्यातच शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येईनासं होतं. भावाचा ३२ ओहमचा जास्त खातो, पण त्यालाही ३ व्होल्टचं टोक दिलं तर ९४ मिलिअँपिअर. दोन्ही बाजू धरून १९०. तेवढ्या आवाजात भाऊ पाच मिनिटं बसणार नाही.

तुमचा अँप काहीच न वाजवता जे पितो तेच खरं भाडं. ते मोजलंय का?

बार्शीचा_बोका

आत्ता मोजलं. बॅटरीच्या वायरीत मीटर घातला, प्रत्येक बाजूला ४० मिलिअँपिअर.

ओहमशांती

मग तुम्हाला ३०० मिलिअँपिअरचा सप्लाय म्हणजे पंगतीला दोनच पाहुणे आणि पातेलंभर भात. फक्त एक लक्षात ठेवा, ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेला अँपिअर हा एसीचा. ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटर लावला की डीसी बाजूला त्याचा साधारण ५५ टक्केच धरायचा. ५०० मिलिअँपिअरवाला घेतला तर २८० च्या आसपास. तुम्हाला पुरतो.

निवृत्त_नाना

आकाशवाणीच्या देखभाल विभागात आयुष्य गेलं, म्हणून चार शब्द.

तो १२-०-१२ ठेवा बाजूला. पूर्ण व्होल्टेज असताना ठीक आहे: १२ ला १.४१४ ने गुणा, १७ येतात, डायोडचे ०.८ गेले की १६. ७८१२ ला इनपुट आउटपुटपेक्षा दोनेक व्होल्ट वर लागतो, म्हणजे १४. जमलं. पण भिंतीत १७४ आले की दुय्यम बाजूला ९.१ उरतात. गुणाकार करून डायोड वजा केला की १२. बारा व्होल्टमधून बारा व्होल्टचं रेग्युलेशन होत नसतं, राजे. हलक्या लोडवर छोटे ट्रान्सफॉर्मर लिहिल्यापेक्षा दहाएक टक्के जास्त देतात, पण त्या भरवशावर बसू नका.

१५-०-१५ घ्या, ५०० मिलिअँपिअर. रात्री उशिरा शेतावरचे पंप बंद झाले की तुमच्याकडे २४५-२५० ही येत असणार. तेव्हा कपॅसिटरवर २४-२५ व्होल्ट चढतील. म्हणून फिल्टर कपॅसिटर ३५ व्होल्टचेच. दुकानदार "२५ चा पण चालतो हो" म्हणेल. त्याचा चालतो, आपला फुगतो.

कपॅसिटर किती मोठा? लहर (डीसीवर उरलेला चढउतार) काढायचं सूत्र सोपं आहे: करंट भागिले (१०० गुणिले फॅरड). २०० मिलिअँपिअर आणि २२०० मायक्रोफॅरडला ०.९ व्होल्ट. ४० ला ०.१८. प्रत्येक बाजूला २२०० भरपूर झाले. १०,००० लावणारे असतात, त्यांना लावू द्या.

फ्यूज प्रायमरीला, २५० मिलिअँपिअरचा स्लो ब्लो. तीन पिनचा सॉकेट, डबा लोखंडी असेल तर अर्थिंगची तार डब्याला, रंग खरवडून. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर, ६० वॉटचा पिवळा बल्ब लावून. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला की समजायचं आत शॉर्ट नाही.

सोनेरी_कान

नानांचा आदर ठेवून सांगतो, ७८१२ वर हेडफोन अँप म्हणजे पैठणीला प्लास्टिकचा पदर. एलटी३०४५ या कमी नॉइजच्या रेग्युलेटरच्या पाट्या मिळतात आता. नॉइज ०.८ मायक्रोव्होल्ट. मी बदलल्यावर तबल्याची थाप आणि शाईचा नाद वेगवेगळा ऐकू यायला लागला. बजेट थोडं ताणा.

ओहमशांती

@सोनेरी_कान, तबला ऐकू आला त्याचा आनंद आहे. पण गणित असं आहे.

७८१२ चा नॉइज ७५ मायक्रोव्होल्टच्या आसपास. ५५३२ सप्लायवरची घाण १०० डेसिबलने, म्हणजे लाखपट दाबतो. उरलं ०.७५ नॅनोव्होल्ट. आणि ५५३२ चा स्वतःचा नॉइज? ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, २० किलोहर्ट्झपर्यंत धरला तर ७०० नॅनोव्होल्ट. जवळजवळ हजारपट. फ्रिक्वेन्सी वाढेल तसं दाबणं कमी होतं, कबूल, पण तीस डेसिबल सोडून दिले तरी ७८१२ आधी ऐकू येत नाही.

२०११ मधला ओ२ हेडफोन अँप आठवा. साधे ७८१२/७९१२, एसी अडॅप्टर, तेही हाफ वेव्ह (प्रत्येक रेलला एसीची अर्धीच लाट). त्याच्या मोजमापांना आजही कोणी नाक मुरडत नाही.

एलटी३०४५ वाईट नाही. ज्या सर्किटला सप्लायची घाण स्वतः दाबता येत नाही, तिथे त्याचं काम. आणि तो फक्त प्लस बाजूचा. मायनससाठी एलटी३०९४ वेगळा घ्या, तोही महाग. बोक्याचं बजेट तिथेच मेलं.

सोनेरी_कान

मोजमाप वेगळं आणि कान वेगळे. असो. धागाकर्त्याने ठरवावं.

मोडका_टेपडेक

वादात पडत नाही, एक हेडफोन मात्र मी जाळलाय, तो कसा ते सांगते. दुसऱ्याचा तरी वाचेल.

७८१२ चे पाय डावीकडून: इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ चे: ग्राउंड, इनपुट, आउटपुट. हे बहुतेकांना माहीत असतं, मलाही होतं. जे डोक्यात नव्हतं ते पाठीबद्दल. ७८१२ ची धातूची पाठ ग्राउंडला असते, ७९१२ ची इनपुटला, म्हणजे उणे वीसेक व्होल्टवर. मी दोन्ही एकाच अॅल्युमिनियमच्या पट्टीवर कसले, मायका (वीज अडवणारा पातळ तुकडा) फक्त लावल्यासारखा लावला, स्क्रूला बुशिंग (वीज अडवणारी टोपी) नाही. पट्टी डब्याला, डबा ग्राउंडला. दोन महिने सुरळीत. मग एका दुपारी डबा सरकवला, स्क्रू टेकला आणि मायनस बाजू गेली. अँपला फक्त प्लस उरला, आउटपुट वर जाऊन चिकटला आणि ३२ ओहमच्या कॉइलमध्ये सरळ डीसी. आधी "टप्प", मग रबर जळल्याचा वास. फ्यूज होता, पण ५ अँपिअरचा, कारण घरात तोच होता. तो ढिम्म.

३१७/३३७ वापरलात तरी हेच: ३१७ ची पाठ आउटपुटला, ३३७ ची इनपुटला. मायका, बुशिंग, आणि कसल्यावर पाठ ते डबा मीटरवर तपासा, बझर वाजता कामा नये. किंवा दोघांना वेगळे छोटे हीटसिंक द्या आणि डब्याला लावूच नका. ४० मिलिअँपिअरला अर्धा वॉट उष्णता होते. पट्टी कशाला लागते?

आणि दोन्ही आउटपुटवर ग्राउंडच्या दिशेने एकेक १एन४००७ उलटा. एक बाजू आधी उठली तर दुसरीला उलट ओढते, त्यासाठी.

न्यूजर्सीकर

इथे १२ व्होल्ट एसी देणारे अडॅप्टर सहज मिळतात, त्यातला एक घ्या आणि ओ२ सारखं करा. मेन्सला हातच लावायला नको. भारतात येताना घेऊन येऊ का?

निवृत्त_नाना

तिकडचा १२० व्होल्टचा इकडे भिंतीत खोचला तर धूर कसा दिसतो ते आम्ही पाहिलंय. पुतण्याने आणला होता. चॉकलेटं आणा.

पेठेतला

पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन वजन बघा. हलका लागला तर आत अॅल्युमिनियमची तार असायची शक्यता, आणि वर लिहिलेला १ अँपिअर हा दुकानदाराच्या मनातला. ५०० मिलिअँपिअरचा तांब्याचा त्याहून बरा.

टोरॉइडचा (गोल कड्यासारख्या ट्रान्सफॉर्मरचा) आग्रह नको. ईआय कोरचं (नेहमीच्या चौकोनी ट्रान्सफॉर्मरचं) चुंबकीय क्षेत्र जास्त बाहेर सांडतं हे खरं, पण त्याला उपाय फुकट आहे: सप्लाय वेगळ्या डब्यात, मध्ये हातभर केबल. जुन्या टेपचा पाच पिनचा डिन कनेक्टर वापरा. एकाच डब्यात कोंबायचंच असेल तर ट्रान्सफॉर्मर कसायच्या आधी हेडफोन कानाला लावून हाताने गोल फिरवा. एका कोनात घरघर कमी होते, तिथे भोक पाडा.

बार्शीचा_बोका

सगळ्यांचे आभार. ७८१२/७९१२ नक्की केलं. पण राहवलं नाही, रविवारी आहे त्या १२-०-१२ वरच जोडलं. कपॅसिटर २२०० चे, ३५ व्होल्ट. सिरीज बल्ब विझला. आउटपुट +११.९ आणि −१२.०. दिवसभर गाणी ऐकली, मस्त.

रात्री साडेनऊला परत बसलो तर मागे बारीक "घर्रर्र". गाणं थांबलं की स्पष्ट. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढीच. मीटर लावला: भिंतीत १७४. कपॅसिटरवर १३.१. आउटपुट ११.४. नाना, तुमचं बरोबर निघालं.

निवृत्त_नाना

निघणारच. रेग्युलेटर उपाशी आहे. १५-०-१५ आणा.

पेठेतला

+१

मोडका_टेपडेक

नाना, थांबा जरा. रेग्युलेटर उपाशी आहे हे खरं, ट्रान्सफॉर्मर बदलायला हवा हेही खरं. पण घरघर त्याची आहे का?

समजा रेग्युलेटरने सपशेल हात टेकले आणि ०.४ व्होल्टची लहर थेट रेलवर (अँपला जाणाऱ्या पुरवठ्यावर) आली. वर ओहमशांतींनी मांडलेलंच गणित लावा. लाखपट दाबली की ४ मायक्रोव्होल्ट, गेन तीन, १२ मायक्रोव्होल्ट. अर्ध्या व्होल्टला ९६ डेसिबल देणाऱ्या हेडफोनमध्ये ते ४ डेसिबल होतात. चार! स्वतःच्या कानातलं रक्त त्याहून मोठ्याने वाहतं.

बोका, तीन गोष्टी सांगा. घरघर ट्रान्सफॉर्मरजवळ अँप नेल्यावर वाढते का? बॅटरी लावली तर जाते का? आणि उद्या दुपारी, भिंतीत २२० च्या वर असताना, पंखा बंद करून, खिडकी लावून ऐका.

बोर्डचा फोटोही टाका, दोन्ही बाजूंचा.

बार्शीचा_बोका

ताई, कमाल आहे.

जवळ-लांब केल्याने फरक नाही. बॅटरीवर पूर्ण शांत. आणि दुपारी २२८ व्होल्ट होते, कपॅसिटरवर १७.६, आउटपुट चोख बारा. पंखा बंद केला आणि तीच घर्रर्र, तेवढीच! रविवारी पंखा फुल होता, खाली रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, त्यात मला काय कळणार. रात्री सगळं सामसूम झालं म्हणून ऐकू आली आणि मी व्होल्टेजला दोष दिला.

फोटो टाकलाय. सप्लाय आणि अँप एकाच व्हेरोबोर्डवर आहेत. मधली लांब पट्टी सगळ्यांची ग्राउंड. तिच्या एका टोकाला प्लसचा कपॅसिटर, दुसऱ्या टोकाला मायनसचा, ट्रान्सफॉर्मरची मधली तार साधारण मध्यावर.

मोडका_टेपडेक

आणि व्हॉल्यूम पॉटची ग्राउंड प्लसच्या कपॅसिटरशेजारी, गेन ठरवणाऱ्या फीडबॅक रेझिस्टरची ग्राउंड मायनसच्या कपॅसिटरशेजारी. फोटोत दिसतंय. चोर सापडला.

ब्रिजमधून करंट संथ वाहत नाही, सेकंदाला १०० वेळा टिचक्या मारतो. तुम्ही सरासरी ४० मिलिअँपिअर घेत असलात तरी टिचकी ३०० पर्यंत जाते. ती प्लसच्या कपॅसिटरमधून निघून तुमच्या त्या पट्टीवरून चालत मायनसच्या कपॅसिटरमध्ये जाते. गंमत बघा, ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेत दोन्ही बाजूंचे करंट बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात, पण दोन कपॅसिटरांमधल्या तुकड्यात खात नाहीत. तिथे सगळी वरात असते.

सहा सेंटिमीटर पातळ पट्टी, अर्थात १५ मिलिओहम धरा. टोकाला ४-५ मिलिव्होल्ट. पट्टीच्या एका टोकाला पॉट "शून्य" म्हणतो, दुसऱ्या टोकाला फीडबॅक "शून्य" म्हणतो, दोन शून्यांत ४ मिलिव्होल्टचा फरक, आणि अँप बिचारा तो फरक सिग्नल समजून तीनपट करतो. म्हणूनच व्हॉल्यूम शून्यावरही तेवढीच. सरासरी ५ मिलिव्होल्ट बाहेर आले तरी हेडफोनमध्ये ५५ डेसिबलच्या आसपास. जगातला कुठलाही महागडा रेग्युलेटर लावा, ही जाणार नाही, कारण ती रेग्युलेटरमधून येतच नाहीये.

कृती: दोन्ही कपॅसिटरचे ग्राउंडचे पाय पट्टीवरून सोडवा. खालून दीड मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने एकमेकांना अगदी चिकटून जोडा. ट्रान्सफॉर्मरची मधली तार तिथेच. त्या गाठीपासून एकच तार निघेल, ती रेग्युलेटरच्या पुढच्या कपॅसिटरांच्या ग्राउंडला. तो तुमचा स्वच्छ बिंदू. पॉट, फीडबॅक, हेडफोन जॅक, सगळे तिथून. गाठीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

बार्शीचा_बोका

झालं!! पट्टी ब्लेडने दोन ठिकाणी कापली. एक कपॅसिटर उचकटताना तांब्याचा ठिपका उखडला, त्याला शिव्या घालून झाल्या. वायरिंगच्या भंगारातली साडेतीन इंचांची तार सोलून गाठ मारली. चालू केलं, हेडफोन लावला, आणि वाटलं अँप बंदच आहे. एलईडी बघावा लागला.

मग धीर करून १२-०-१२ काढून १५-०-१५ बसवला. भाऊ पुण्याहून येताना घेऊन आला. काल रात्री भिंतीत १७४ च होते, कपॅसिटरवर १६.७, आउटपुट चोख.

हिशोब: ट्रान्सफॉर्मर २६०, रेग्युलेटर-डायोड-कपॅसिटर मिळून १९०, सॉकेट-फ्यूज-स्विच १४०, हीटसिंक-मायका-बुशिंग ६०, पत्र्याचा डबा ३२०. एकूण ९७०. दोन हीटसिंक वेगळे, डब्याला न टेकवता. पाठी बझरने तपासल्या.

सोनेरी_कान

अभिनंदन. उरलेल्या ५३० मध्ये एक चांगली केबल... बरं, राहू दे.

निवृत्त_नाना

ताईंनी बरोबर पकडलं. मी मीटरवरचा आकडा बघितला आणि तिथेच थांबलो. आमच्या साहेबांनी असं केलं असतं तर मी त्यांना ऐकवलं असतं. पंधराचा ट्रान्सफॉर्मर मात्र मीच सांगितला होता, एवढं नोंदवून ठेवा.

एक राहिलंच. चालू-बंद करताना हेडफोन कानावर ठेवू नका. किंवा यूपीसी१२३७ ही संरक्षण चिप आणि एक रिले लावा, दोन-तीन सेकंद उशिरा जोडतो आणि डीसी आला तर तोडतो. ताईंच्या हेडफोनला तो असता तर वाचला असता.

मोडका_टेपडेक

नोंदवलं, नाना. रिले मी त्यानंतर लावला. आधी लावतं कोण.

बार्शीचा_बोका

रिलेचे पैसे आहेत अजून, तो करतो पुढच्या रविवारी.

आत्ता लाइट गेली, इन्व्हर्टरवर आलोय. डबा गुरगुरतोय मांजरासारखा. आता हे काय?

ओहमशांती

हेडफोनमध्ये येतंय की टेबलावर?

बार्शीचा_बोका

टेबलावर. हेडफोनमध्ये काही नाही.

ओहमशांती

इन्व्हर्टर चौकोनी लाट देणारा असणार. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या थरथरतात. डब्याखाली जुन्या स्लीपरचा तुकडा घाला, आणि हात लावून बघा, नेहमीपेक्षा फार गरम होत असेल तर लाइट येईपर्यंत बंद ठेवा.